गादीचा वारसा आणि गांवचीं मुलें

गादीचा वारस कोण, हा प्रश्न केवळ राजघराण्यांनाच पडतो असें नाहीं. तो मठांत पडतो, गवयांच्या घराण्यांत पडतो आणि क्रीडांगणावरहि पडतो. श्रोतेहो, आज अशाच एका वारशाची हकीकत सांगावयाची आहे. ती अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या बर्फावरील हॉकीची आहे.

हा खेळ आपल्या हॉकीहून निराळा. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून दोन्ही बाजूंचे सहा सहा गडी बर्फावर खेळतात. चेंडूच्या जागीं रबराची चपटी चकती असते. कॅनडांत हा खेळ घरोघरचा. त्यामुळें अमेरिकन विद्यापीठांना एक सोपा मार्ग सांपडला. शिष्यवृत्ति द्यावी आणि कॅनडांतून तयार गडी आणावे! मिशिगन विद्यापीठानें १९४८ ते १९५६ या काळांत सहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, त्यांत कॅनेडियन गड्यांचा वांटा मोठा होता. डेन्व्हर विद्यापीठानें तर १९५६ सालीं मरे आर्मस्ट्राँग या कॅनेडियन शिक्षकांनाच बोलाविलें. त्यांच्या कारकीर्दींत डेन्व्हरला पांच अजिंक्यपदें लाभलीं.

मिनेसोटाच्या संघाचीं सूत्रें १९५२ सालीं जॉन मारिउची यांच्या हातीं आलीं. हे एव्हलेथ या लोखंडाच्या खाणींच्या गांवचे. आपल्या प्रांतांतील मुलांना संधि मिळाली तर तीं कोणासहि हार जाणार नाहींत, अशी त्यांची श्रद्धा होती. वयानें व अनुभवानें वडील असलेल्या कॅनेडियन गड्यांसमोर कोंवळ्या पोरांना उभें करणें हा अन्याय आहे, असें ते उघड म्हणत. डेन्व्हरशीं सामने ठेवण्यासहि त्यांनीं नकार दिला. याच वादापायीं १९५८ सालीं पश्चिमेकडील विद्यापीठांची संघटना मोडली.

या हट्टाची किंमत त्यांना द्यावी लागली. १९५३ व १९५४ सालीं त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला, पण दोन्ही वेळां हरला. १९६६ सालीं ते निवृत्त झाले तेव्हां त्यांच्या नांवावर एकहि राष्ट्रीय अजिंक्यपद नव्हतें.

परंतु त्यांच्या हाताखालीं खेळलेले हर्ब ब्रुक्स हे १९७२ सालीं त्या गादीवर बसले. गुरूनें लाविलेल्या झाडाचीं फळें शिष्याच्या पदरांत पडलीं. १९७४, १९७६ व १९७९ अशीं तीन अजिंक्यपदें मिनेसोटाकडे आलीं, आणि तींहि मुख्यतः आपल्याच मुलांच्या बळावर. १९८० च्या ऑलिंपिकमध्यें ब्रुक्स यांच्या ज्या अमेरिकन संघानें सोव्हिएट संघास ४–३ असें हरविलें, त्यांतील २० खेळाडूंपैकीं ९ मिनेसोटा विद्यापीठाचे होते.

येथेंच ही कथा संपती तर ती सुरस ठरली असती. पण वारशाचें ओझेंहि असतें. मारिउचींचे दुसरे शिष्य डग वूग यांनीं १९८५ ते १९९९ पर्यंत संघ सांभाळला आणि स्वप्रांतीयांचा नियम अधिकच कडक पाळला. संघ बहुतेक वर्षीं बलाढ्य असे, तरी अजिंक्यपद मात्र हुलकावणी देई. १९८९ सालचा अंतिम सामना हार्वर्डनें जादा वेळांत जिंकला.

१९९९ सालीं डॉन लुशिया आले. हे मिनेसोटाचेच सुपुत्र. पण मारिउचींच्या शिष्यशाखेंतले नव्हते. त्यांनीं दार किंचित् उघडलें व ग्रँट पोटुल्नी या खेळाडूस संघांत घेतलें. त्याचें गांव ग्रँड फोर्क्स. सरहद्दीवरील रेड नदीच्या केवळ पैलतीराचें, पण प्रांत नॉर्थ डकोटा! २००२ च्या अंतिम सामन्यांत मेनविरुद्ध ३–३ अशी बरोबरी झाली असतां, जादा वेळांत निर्णायक गोल याच पोटुल्नीनें केला. तेवीस वर्षांचा दुष्काळ संपला. पुढच्याच वर्षीं दुसरें अजिंक्यपद आलें, तेव्हां स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला टॉमस व्हानेक, एक ऑस्ट्रियन तरुण!

मग मारिउची चुकले काय? मला तसें वाटत नाहीं. दुर्लक्षित मुलांना मैदान मिळवून देणें हा त्यांचा हेतु होता, आणि तो १९८० पूर्वींच सिद्धीस गेला होता. कुंपण घातलें होतें तें कोंवळ्या रोपासाठीं. रोपाचा वृक्ष झाल्यावरहि कुंपण तसेंच ठेवावें कीं काय, हें ठरविण्याचें काम मात्र गुरु शिष्यावर सोंपवून जातो. वारसदाराची खरी परीक्षा तेथेंच होते.