निद्रा (आरोग्यविचार)

निद्रा : सजीवांच्या ठायी नियतकाली येणारी, बाह्य संवेदनांची जाणीव मंदावणारी, परंतु हाक किंवा स्पर्श होताच ओसरणारी स्वाभाविक अवस्था. या अखेरच्या लक्षणामुळेच ती मूर्च्छेहून निराळी ठरते. चरकसंहितेने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले असून पुष्टी व कृशता, बल व दौर्बल्य, किंबहुना ज्ञान व अज्ञान हीदेखील निद्रेच्या अधीन असल्याचे सांगितले आहे. निरोगी माणसास दिवसा झोपण्याची मुभा मात्र तेथे ग्रीष्म ऋतूपुरतीच आहे.

झोपेत मेंदूचे कामकाज तहकूब होते, ही समजूत शास्त्रज्ञांतही दीर्घकाळ रूढ होती. येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद घेतली, आणि १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी, निद्रिस्त माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड मधूनमधून वेगाने फिरतात व तेव्हा जागे केल्यास तो बहुधा स्वप्न सांगतो, असे दाखवून दिले, तेव्हा त्या समजुतीचा पाया ढळला. गाढ निद्रा व ही डोळे फिरण्याची स्वप्ननिद्रा यांची, सुमारे ९० मिनिटांचे एक, अशी चार-पाच आवर्तने रात्रीत होतात. पूर्वरात्री गाढ निद्रेचे प्राबल्य असते व त्या वेळी वाढीचे संप्रेरक विपुल स्रवते. उत्तररात्री स्वप्ननिद्रा लांबत जाते. दिवसभरात शिकलेले स्मृतीत दृढ होण्याचे कार्यही निद्रेतच चालते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याने जागरण करणे म्हणजे केलेल्या अभ्यासाचीच हानी करून घेणे होय.

निद्राभंगाचे परिणाम डोळ्यांच्या जळजळीपुरते मर्यादित नसतात. निरोगी तरुणांना लागोपाठ सहा रात्री चारच तास झोपू दिले असता त्यांच्या शरीराची रक्तशर्करा आवरण्याची शक्ती लक्षणीय घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या प्रयोगात आढळले. रक्तदाब, स्थूलता व विषण्णता यांच्याशीही अपुऱ्या झोपेचा संबंध दिसून येतो. परंतु सर्वांत चिंताजनक गोष्ट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २००३ च्या प्रयोगाने उघड केली : दोन आठवडे रोज सहा तासच झोपलेल्या माणसांचे अवधान, रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाइतके ढासळले, आणि तरीही आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत, असेच ती माणसे सांगत राहिली. आपल्याला कमी झोप पुरते, असे सांगणाऱ्याची साक्ष त्यामुळेच ग्राह्य धरता येत नाही.

शरीरातील कालमापनाचा अंमल मेंदूतील एका सूक्ष्म पेशीपुंजाकडे असून नेत्रांवर पडणारा प्रकाश त्याचे नियमन करतो. रातपाळीच्या कामगाराला दिवसा झोप का लागत नाही, याचे उत्तर येथे आहे. त्याच्या ठायी आळस किंवा कसूर शोधणे हा अन्याय होय. अशा पाळीने होणारा दैनिक लयीचा भंग कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ मध्ये दिला. गिरण्यांपासून रुग्णालयांपर्यंत ज्यांच्या जागरणावर शहरे चालतात, त्यांच्या घरी दिवसा अंधाराची व शांततेची तजवीज व्हावी, ही जबाबदारी कुटुंबाबरोबरच मालकांचीही आहे.

प्रौढांस किमान सात तास, किशोरांस आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडणे व दिवसा अनावर पेंग येणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास ती गाढ झोपेची खूण न मानता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.