नब्ज ते यंत्र : रोगनिदानाचा प्रवास

पिंप्राळा आज जळगाव महापालिकेत आहे. माझ्या बालपणी ते गावच वाटे. त्या काळी आमच्या चाचीचा खोकला तीन महिने थांबेना. हकीमसाहेबांनी नब्ज पाहिली, काढा दिला. पुढे एका दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला. पण तो वाचणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत. क्षयाचे निदान झाले तोवर घरातली दोन मुलेही आजारी पडली होती. औषध होते, फोटोही होता; नव्हता तो फक्त वेळेवर वाचणारा डोळा.

रोगनिदानाचा इतिहास हा याच डोळ्याच्या शोधाचा इतिहास आहे.

निदान म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या दोन आजारांतला फरक ओळखणे. दहाव्या शतकाच्या आरंभी अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर यांची लक्षणे वेगवेगळी मांडली. इब्न सिना (९८०-१०३७) यांचा 'अल-कानून' बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि पुढे अनेक शतके युरोपात शिकवला गेला. त्याआधी, नवव्या शतकात, खलिफा अल-मामूनच्या काळात बगदादमध्ये मोहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी गणित करीत होते. आज संगणकाच्या कार्यपद्धतीला 'अल्गोरिदम' म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावाच्या लॅटिन रूपातून आला.

हे सांगताना आपली छाती फुगते. फुगू द्यावी, पण तेथेच थांबू नये. नाव आपल्या माणसाचे असले, तरी पुढची मेहनत इतरांनी केली.

१९७२ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. डी डोंबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांची लक्षणे संगणकाला दिली. संगणकाचे निदान ९१.८ टक्के रुग्णांत बरोबर ठरले, तर सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे ७९.६ टक्के रुग्णांत. परंतु हाच हिशेब पुढे कोपनहेगनच्या रुग्णांना लावला, तेव्हा तो तितका अचूक उतरला नाही. ज्यांच्या नोंदींवर यंत्र शिकले, त्यांचेच दुखणे त्याला नीट कळत होते. याच दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'मायसिन' ही प्रणाली तयार झाली. जंतुसंसर्गावर औषध सुचविण्यात ती तज्ज्ञांच्या तोडीची ठरली, तरी प्रत्यक्ष दवाखान्यात कधी वापरली गेली नाही.

२०१२ नंतर यंत्रे चित्रे पाहायला शिकली. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मधुमेहामुळे होणारा डोळ्यांचा विकार ओळखणारी प्रणाली जाहीर केली. तिच्या अभ्यासात भारतातील नेत्र-रुग्णालयांमधली छायाचित्रेही होती. हीच पद्धत थायलंडच्या दवाखान्यांत नेली, तेव्हा २०२० च्या अहवालानुसार पाचपैकी एकाहून अधिक छायाचित्रे यंत्राने नाकारली. अपुरा प्रकाश हे त्याचे एक कारण होते.

आपल्याकडेही काम झाले. २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या क्युअर.एआय या कंपनीने छातीचा एक्स-रे वाचणारी प्रणाली बनविली. तिच्या संशोधकांनी भारतातील सुमारे वीस केंद्रांतून डोक्याचे ३,१३,३१८ सीटी स्कॅन गोळा करून केलेला अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षय-तपासणीत एक्स-रे वाचण्यासाठी अशा प्रणालींची शिफारस केली. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, हे ध्यानात घेतले की या शिफारशीचे मोल कळते. चाचीचा फोटो आज काही क्षणांत वाचला गेला असता.

पण प्रश्न संपत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झाले की, गरजू रुग्ण निवडणारी एक प्रणाली कृष्णवर्णीयांना मागे ठेवीत होती. कारण साधे होते. यंत्राने आजाराऐवजी खर्च मोजला, आणि ज्यांच्यावर पूर्वी कमी खर्च झाला, ते त्याला कमी आजारी वाटले. गरिबांच्या वस्त्यांनी यातून काय शिकावे? दवाखान्यात ज्याची नोंद नाही, त्याचे दुखणे यंत्राच्या हिशेबातही येत नाही. लग्न मोडेल म्हणून मुलीचा खोकला लपविणाऱ्या मोहल्ल्याला कोणतेही यंत्र वाचवू शकणार नाही.

जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे आपल्या मुली डॉक्टर होण्यासाठी जाव्यात. काहींनी संगणकशास्त्रही शिकावे. यंत्र इशारा देईल. तो तपासायला, चुकला तर जबाबदारी घ्यायला, आणि घाबरलेल्या चाचीला तिच्या बोलीत समजावून सांगायला माणूसच लागेल. अल-राझी रुग्णांच्या बारीकसारीक नोंदी ठेवीत. त्यांचा खरा वारसा हवा असेल, तर अभिमानापेक्षा ही सवय उचलावी, आणि तिची सुरुवात स्वतःच्या घरातला खोकला न लपविण्यापासून करावी.