बंद पडलेल्या गाडीचा इतिहास

नगरच्या इतिहासावर लिहायचे म्हटले की भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात करायची, असा रिवाज आहे. निजामशाही झाली, चांदबिबी झाली, १९४२ साली किल्ल्यात स्थानबद्ध झालेले पंडित नेहरू झाले, की लेखणी खाली ठेवायला हरकत नाही! मला मात्र आज किल्ला सोडून नगर-पुणे रस्त्याकडे वळायचे आहे. १ जून १९४८ रोजी मुंबई सरकारच्या एस.टी.ची पहिली गाडी याच रस्त्यावर धावली. गाडी बेडफर्ड, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तिची आठवण आपण दरवर्षी काढतो. पण त्या काळी मोटार चालवणे म्हणजे काय होते, हे कळायला धावणाऱ्या गाडीपेक्षा बंद पडलेली गाडी अधिक उपयोगी पडते.

बेडफर्डचा कारखाना त्या वेळी या गाड्यांना पेट्रोलची इंजिने देई, आणि पेट्रोलच्या इंजिनाचा जीव कार्बोरेटरात असे. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, तसाच एक फ्लोट त्यात पेट्रोलची पातळी राखतो. इंजिन हवा ओढते ती एका अरुंद गळ्यातून जाते. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडतो. वजनाने सुमारे १५ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल, हे प्रमाण जमले की गाडी खूश! छिद्र एवढेसे, आणि रस्ता नगरचा. चैत्र-वैशाखातले ऊन आणि फुफाटा यांपुढे त्या छिद्राचा काय पाड?

हे दुखणे मात्र मोटारीइतकेच जुने आहे. १८८८ च्या ऑगस्टात जर्मनीतल्या बर्था बेंझ या बाई, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्टझ्हाइमला निघाल्या. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, म्हणजे नगर-पुण्याहून थोडे कमीच. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बाईंनी टोपीची लांब टाचणी काढून ती मोकळी केली. इंधन संपले ते औषधाच्या दुकानातून घेतले. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास तडीस गेला तो असा, दुरुस्ती करत करत.

आमच्या नगरच्या जुन्या मिस्त्र्यांनी बर्थाबाईंचे नाव ऐकले नसेल, पण विद्या तीच. गाडी बंद पडली म्हणून आणली की ते पान्याला हात घालत नसत. आधी विचारीत, “कशी बंद पडली?” या एका प्रश्नात सारे शास्त्र आहे. समई दोन तऱ्हांनी विझते. वाऱ्याची झुळूक आली की एकदम, आणि तेल सरले की फडफडत. इंजिनाचेही तसेच. चालता चालता एकदम गप्प झाले तर बहुधा ठिणगीचा दोष: सुटलेली तार, जळालेले पॉइंट, गेलेला कंडेन्सर. आचके देत, रडतखडत थांबले तर बहुधा पेट्रोलचा.

मग पेट्रोलच्या वाटेने टाकीपासून पुढे जायचे. टाकीचे झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज झाला आणि गाडी पुन्हा चालू लागली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते. पाय काढताच सिग्नलला बंद पडते, एरवी धावते, तर मंद गतीचा जेट तुंबला किंवा कार्बोरेटरखालच्या गास्केटमधून हवा शिरते. काळा धूर आणि ओले प्लग दिसले तर चोक ओढलेलाच राहिला. भर दुपारी तापून थांबली, तर पेट्रोलची नळीतच वाफ झाली, आणि पंप बिचारा वाफ ओढत बसला! फियाटवाल्यांचा यावरचा उतारा सर्वांना ठाऊक होता: पंपावर ओले फडके ठेवायचे आणि झाडाखाली बसायचे. विडी मात्र दूर जाऊन ओढायची.

ही विद्या आता मावळते आहे. २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि मोटारींतून कार्बोरेटर गेला. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ नियम आले आणि बहुतेक दुचाकींतूनही तो गेला. त्याची जागा घेणारे यंत्र हवा आणि पेट्रोल यांचा हिशेब स्वतःच ठेवते, दोष कोणता तेही आकड्यांत सांगते. हवा स्वच्छ राहते, याचे मला समाधानच आहे. पण फारसे न शिकलेला पोरगा ज्या गॅरेजात लक्षणावरून कारण शोधायला शिके, एका वेळी एकच गोष्ट तपासायला शिके, ती शाळा मिटते आहे. माझ्यासारख्या मास्तराला त्याची हळहळ वाटणारच. किल्ल्याच्या भिंती जपायला सरकार आहे; मिस्त्र्याच्या कानातले ज्ञान कोण टिपून ठेवणार?

वाचकहो, तुमच्या कुणाच्या अंगणात आजोबांची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर उभी असेल, तर यंदा तिला नुसता झेंडूचा हार घालू नका. टाकीतले जुने पेट्रोल काढा. पडून राहिले की ते चिकट होऊन जेट बुजवते. मग गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्र्याला फराळाला बोलवा, आणि तो कार्बोरेटर उघडत असता नातवंडांना शेजारी उभे करा.