रक्तविलयन व रक्तपरीक्षा

तांबड्या कोशिकांचे पटल फुटून त्यांतील हीमोग्लोबिन हे रंगद्रव्य व इतर घटक सभोवतालच्या द्रवात मिसळणे, या क्रियेस रक्तविलयन म्हणतात. ही क्रिया शरीरात घडली, तर ती रोगाची खूण असते. परीक्षानलिकेत घडली, तर तो नमुन्याचा दोष होय. दोहोंतही रक्तरस तांबूसच दिसतो. त्यांतील भेद ओळखणे हा रक्तपरीक्षेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

इतिहास : जर्मन शास्त्रज्ञ फेलिक्स होपे-झायलर यांनी १८६२ मध्ये या रंगद्रव्याच्या वर्णपटाचे वर्णन केले व १८६४ मध्ये त्यास हीमोग्लोबिन हे नाव दिले. डच शरीरक्रियावैज्ञानिक हांबुर्गर यांनी १८८३ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, मिठाचा विद्राव विशिष्ट मर्यादेपलीकडे सौम्य झाल्यास तांबड्या कोशिका पाणी शोषून फुगतात व फुटतात. पुढे हाच गुणधर्म उपयोगी ठरला. ड्रॅबकिन व ऑस्टिन यांच्या १९३५ मधील कार्यावर आधारलेल्या हीमोग्लोबिन मापनपद्धतीत कोशिका मुद्दाम फोडल्या जातात. रक्तरसाच्या परीक्षेत मात्र तीच क्रिया अनिष्ट ठरते.

परीक्षेवरील परिणाम : तांबड्या कोशिकांत पोटॅशियमाचे प्रमाण रक्तरसातील प्रमाणाच्या वीसपटींहून अधिक असते, तर लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे एंझाइम शंभरपटींहूनही अधिक असते. त्यामुळे थोड्या कोशिका फुटल्या, तरी हे आकडे फसवे वाढतात. हीमोग्लोबिनाचा रंग प्रकाशाच्या शोषणावर आधारलेल्या मापनांत अडथळा आणतो. बिलिरुबिनाच्या काही परीक्षांत आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. कोशिकांतील एंझाइमामुळे इन्शुलिनाचे विघटन होऊन तेही कमी भरते. संपूर्ण रक्ताच्या नमुन्यात तांबड्या कोशिकांची संख्या घटलेली दिसते.

बारीक सुई, पिचकारीचा दट्ट्या जोराने ओढणे, दंडावरील पट्टी फार वेळ आवळून ठेवणे, नलिका जोराने हलविणे, नमुना गोठणे व अतिउष्णता ही कोशिका फुटण्याची नेहमीची कारणे होत. रक्तरस वेगळा न करता नमुना तासन्‌तास बर्फात ठेवल्यास रक्तरसाचा रंग न बदलताही पोटॅशियम कोशिकांतून बाहेर झिरपते. म्हणून केवळ रंगावर विसंबून चालत नाही.

डोंगराळ भागातील महत्त्व : सुरतेच्या स्वारीस जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम झालेले स्थळ म्हणून प्रसिद्ध असलेले शिरपामाळ ज्या भागात आहे, तो पालघर जिल्ह्यातील जव्हार–मोखाडा प्रदेश डोंगराळ असून पाडे विखुरलेले आहेत. अशा प्रदेशात घेतलेला नमुना घाटरस्त्याने दूरच्या प्रयोगशाळेत न्यावा लागला, तर हादरे, उष्णता व विलंब हे तिन्ही दोष संभवतात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये झालेल्या बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. कुपोषित बालकास अतिसार झाला की, शरीरातील पोटॅशियम घटते. नमुना बिघडलेला असेल, तर ही घट झाकली जाऊन आकडा सामान्य भासतो व आवश्यक उपचार राहून जाऊ शकतो.

याउलट तांबूस नमुना दोषयुक्त समजून दरवेळी टाकून देणेही योग्य नाही. आर. एन. शुक्ल व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील दात्रकोशिका गुणाविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. सिकलसेल या नावाने परिचित असलेला हा आनुवंशिक विकार महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत आढळतो. त्यात कोशिका शरीरातच अकाली नष्ट होतात. काही आनुवंशिक एंझाइमन्यूनतांमध्ये हिवतापावरील प्रायमाक्वीन या औषधानेही कोशिका फुटतात.

भेद ओळखणे : हीमोग्लोबिनास बांधून घेणारे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन पोलोनोव्हस्की व झेल यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. शरीरातील रक्तविलयनात ते बहुधा घटते. नलिकेतील रक्तविलयनात सहसा घटत नाही. नव्याने काळजीपूर्वक घेतलेला नमुनाही तांबूस निघाला, तर रोगाची शंका बळावते. आधुनिक स्वयंचलित यंत्रे रक्तरसातील मुक्त हीमोग्लोबिनाचा निर्देशांक मोजतात. तथापि रक्त कोणी, केव्हा व कसे काढले, याची नोंद यंत्र करू शकत नाही. ती नमुन्यासोबत आली, तरच लाल रंगाचा अर्थ लावता येतो.