भोगीची भाकरी आणि इन्सुलिनचा हिशेब

संक्रांतीच्या आदल्या दिवशीं गंगापूरकडील घरांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिजवर लोण्याचा गोळा आणि तीळ व शेंगदाणे यांचें कूट घातलेली भोगीची भाजी असा बेत असतो. ज्या घरीं इन्सुलिनवर जगणारें मूल आहे, तेथें या ताटाबरोबर एक अवघड प्रश्नहि येतो. भाकरींतील पिष्टाचा हिशेब आईला पाठ असतो. परंतु लोण्यांतील स्निग्धांश आणि दाण्यांतील प्रथिनें यांच्यासाठीं निराळें इन्सुलिन द्यावें कीं नाहीं? कमी दिलें तर मध्यरात्रीं रक्तांतील साखर चढते. अधिक दिलें तर ती उतरून झोपेंतच मूल बेशुद्ध होण्याचें भय. प्रश्न नवा वाटेल, पण तो इन्सुलिनच्या पहिल्या सुईहूनहि जुना आहे.

इन्सुलिनपूर्व काळीं अमेरिकेंतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतीनें अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत. आयुष्य थोडेंबहुत लांबे, पण हाडांचा सांपळा होऊन. घासागणिक शरीरांत किती साखर होते हें जाणणें त्या काळीं अक्षरशः प्राणांशीं गांठ होती. शिकागोचे डॉ. वुडिअट यांनीं 1921 सालीं त्याचें सूत्र मांडलें. पिष्ट व साखर पूर्ण धरावीं, प्रथिनांचे शेंकडा 58 आणि स्निग्धांचे शेंकडा 10 भाग साखरेच्या रूपानें त्यांत मिळवावे, असें तें होतें. पुढें 11 जानेवारी 1922 रोजीं टोरांटो येथें 14 वर्षांच्या लेनर्ड टॉम्प्सनला इन्सुलिन टोचण्यांत आलें आणि उपासाचें युग संपलें. लंडनचे डॉ. लॉरेन्स हे स्वतः मधुमेही. इन्सुलिन वेळेवर मिळालें म्हणून वांचलेले. त्यांनीं रुग्णांसाठीं आहाराचे काळे आणि लाल असे दोन वांटे पाडले. काळ्यांत पिष्ट, लालांत प्रथिनें व स्निग्ध. म्हणजे आरंभींच्या वैद्यांनीं लोण्याकडे मुळींच दुर्लक्ष केलें नव्हतें.

मग तें केव्हां झालें? 1936 सालीं कॉन आणि न्यूबर्ग या अमेरिकन संशोधकांना असें आढळलें कीं, सूत्राप्रमाणें जितकी साखर व्हावी तितकीं प्रथिनें खाऊं घातलीं तरी रक्तांतील साखर पिष्टासारखी उसळत नाहीं. सूत्राचें वजन उतरलें. शिवाय घरच्या माणसांना तीन हिशेबांपेक्षां एक सोपा. पुढें अमेरिकेंतील दहा वर्षांच्या मोठ्या प्रयोगानें 1993 सालीं सिद्ध केलें कीं, साखर काटेकोर आटोक्यांत ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतू यांचा बचाव होतो. तेव्हांपासून पिष्ट मोजण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली. बाकीचें ताट हिशेबाबाहेर राहिलें.

तें परत हिशेबांत आलें याचें श्रेय, विचित्र वाटेल, पण सुधारलेल्या औषधालाच द्यावें लागेल. जुनें साधें इन्सुलिन सहा ते आठ तास रेंगाळे. स्निग्ध पदार्थ जठर सावकाश रितें होऊं देतात, यकृताला इन्सुलिन जुमानूं देत नाहींत. प्रथिनांची साखरहि मागाहून बनते. ही उशिरा येणारी साखर त्या रेंगाळत्या इन्सुलिनच्या शेपटींत बरीचशी झांकली जाई. 1996 पासून मिळूं लागलेलें झटपट इन्सुलिन मात्र तीनचार तासांत ओसरूं लागतें, आणि साखर त्यानंतर वर येते. कातडीखालीं बसविलेल्या संवेदकांनीं रात्रभराची साखर दाखवावयास आरंभ केला तेव्हां ही चोरी उघडकीस आली. 2013 सालीं बोस्टन येथें सात रुग्णांना एकदां 10 व एकदां 60 ग्रॅम स्निग्धांचें रात्रीचें जेवण दिलें. पिष्ट व प्रथिनें तींच. जड जेवणाला सरासरी शेंकडा 42 इतकें अधिक इन्सुलिन लागलें, आणि माणसामाणसांत फरक फार पडला.

वॉर्सा येथील डॉ. पान्कोव्स्का यांनीं याआधींच निराळा हिशेब सुचविला होता. स्निग्ध व प्रथिनें मिळून दर 100 उष्मांकांना 10 ग्रॅम पिष्टाइतकें इन्सुलिन द्यावें, परंतु तें पंपानें कांहीं तासांवर पसरून. भोगीच्या ताटांत 40 ग्रॅम स्निग्ध आणि 25 ग्रॅम प्रथिनें धरलीं, तर वुडिअटच्या सूत्रानें जादा साखर साडेअठरा ग्रॅम येते; वॉर्साच्या हिशेबानें 460 उष्मांक, म्हणजे 46 ग्रॅम! एकाच ताटाचीं दोन उत्तरें, आणि एक दुसऱ्याच्या अडीचपट. पुढील प्रयोगांत वॉर्साची पूर्ण मात्रा घेणाऱ्या मुलांची साखर अधिक वेळां खालीं घसरली. सूत्र कागदावर जितकें देखणें, तितकें तें एखाद्या मुलाच्या अंगीं चपखल बसेलच असें नाहीं.

छत्रपती संभाजीनगर येथें डॉ. अर्चना सारडा यांच्या 'उडान' संस्थेनें मराठवाड्यांतील अशा मुलांच्या उपचाराचें व शिक्षणाचें काम चालविलें आहे. खेड्यांतील ज्या घरांना पंप परवडत नाहीं आणि जुनें साधें इन्सुलिनच जेथें वापरांत आहे, तेथें लोण्याची उशिरा चढणारी साखर कांहीं अंशीं आपोआपच झांकली जाते. तीवर झटपट इन्सुलिनसाठीं काढलेली जादा मात्रा चढविणें धोक्याचें. म्हणून डॉक्टर प्रथम त्या मुलाची जेवणानंतर तीन, पांच आणि सात तासांची साखर पाहूं मागतात, आणि मात्रा त्यानंतर थोडी थोडी हलवितात.