बर्फाळ गावात लाइट गेली तर? घराची तयारी कशी करायची – संपूर्ण माहिती



लाइट जाणं आपल्याला काही नवीन नाही. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की आमच्या घरात एकच प्रश्न असायचा, फोन चार्ज आहे ना? पंखा बंद, वायफाय बंद, थोडी चिडचिड, आणि संध्याकाळी सगळं पुन्हा सुरू.

दोन वर्षांपूर्वी घरून काम करायची परवानगी मिळाली, म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यात, साधारण २२०० मीटर उंचीवरच्या एका गावात हिवाळाभर राहिलो. जानेवारीत एका रात्री जोरदार बर्फ पडला आणि लाइट गेली, ती थेट चौथ्या दिवशी आली. आमच्याकडे तीन पॉवर बँका होत्या. कोरडं लाकूड मात्र एका रात्रीपुरतंच होतं. आपली तयारी किती उलटी होती, हे तेव्हा कळलं.

आजच्या लेखात थंड प्रदेशातल्या गावात लाइट जाण्याची तयारी कशी करायची ते पाहू. तुम्ही नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा महिनाभर डोंगरात राहून काम करायला जाणार असाल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

लाइट जाते का आणि लवकर येत का नाही?

ओला बर्फ वजनाला जड असतो. तो तारांवर साचतो, देवदारच्या फांद्यांवर साचतो, आणि फांदी मोडून तारेवर पडते. त्यात थंडी वाढली की घरोघरी हीटर आणि गिझर एकदम सुरू होतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनना रस्ता बंद असल्यामुळे बऱ्याचदा बर्फातून चालत यावं लागतं. म्हणून तयारी तासांची न करता किमान तीन दिवसांची करा.

आधी हिशेब करा: वॉट-तास म्हणजे काय?

उपकरण किती वॉटचं आहे आणि ते किती तास चालवायचं आहे, याचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. १००० वॉट-तास म्हणजे आपल्या बिलावरचं १ युनिट.

घरगुती इन्व्हर्टरची नेहमीची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असते. १२ × १५० = १८०० वॉट-तास, म्हणजे दोन युनिटही नाहीत. थंडी, इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचं पथ्य धरलं, तर मी यातले निम्मेच, म्हणजे ९०० वॉट-तास हातात आहेत असं समजते. आता खर्च बघा:

- वायफाय राउटर, १५ वॉट, १० तास: १५०
- ९ वॉटचे दोन एलईडी बल्ब, ६ तास: १०८
- लॅपटॉप, ५० वॉट, ६ तास: ३००
- दोन फोन एकदा पूर्ण चार्ज: सुमारे ५०

बेरीज झाली ६०८. म्हणजे दीड दिवस कसाबसा निघेल. आता यात १५०० वॉटचा रूम हीटर घाला. ९०० भागिले १५०० म्हणजे फक्त ३६ मिनिटं! तीही कागदावरच, कारण घरगुती छोटा इन्व्हर्टर एवढा लोड उचलतच नाही. थोडक्यात, बॅटरीतून प्रकाश आणि इंटरनेट मिळेल, ऊब मिळणार नाही. उबेची सोय वेगळीच करावी लागते.

वीज नसताना ऊब कशी मिळवायची?

तिकडे बहुतेक घरांत लाकडावर चालणारा पत्र्याचा तंदूर असतो. हा रोट्यांचा तंदूर नाही, खोली गरम करायची शेगडी आहे. तिचा धूर पाइपातून घराबाहेर जातो. आमच्या खोलीतही तंदूर होता, पण हीटर आहे म्हणून आम्ही त्याकडे पाहिलंच नव्हतं. आता मी या गोष्टी पाळते:

- तीन दिवस पुरेल इतकं लाकूड बर्फ पडण्याआधीच घरात, कोरड्या जागी आणून ठेवायचं. ओलं लाकूड धूर देतं, ऊब देत नाही.
- तंदूरचा पाइप हिवाळ्याआधी साफ करून घ्यायचा. काजळीने तुंबलेला पाइप धोकादायक असतो.
- सगळ्यांनी एकाच छोट्या खोलीत राहायचं. बाकीच्या खोल्यांची दारं बंद करायची आणि दाराखालच्या फटीला जुनी चादर लावायची.
- झोपताना रबरी पिशवीत गरम पाणी भरून पांघरुणात ठेवायचं. हिला एक वॉटही लागत नाही.
- घाम आला की आतले कपडे बदलायचे. ओले कपडे अंगातली ऊब फार लवकर घालवतात.

सगळ्यात मोठा धोका: बंद खोलीतला कोळसा

हा भाग नीट वाचा, कारण ही चूक आम्ही स्वतः केली आहे.

दुसऱ्या रात्री लाकूड संपलं. आम्ही दुकानातून कोळसा आणला, लोखंडी शेगडीत पेटवला आणि निखारे लाल झाल्यावर शेगडी खोलीत घेतली. धूर नव्हता, म्हणून खिडक्या घट्ट बंद केल्या. तासाभराने भाऊ म्हणाला, “ताई, डोकं फार ठणकतंय, मळमळतंय.” मला वाटलं, उंचीमुळे असेल. माझंही डोकं जड झालं होतं आणि डोळे मिटत होते. तेवढ्यात घरमालकीण अम्माजी रोट्या घेऊन आल्या. त्यांनी शेगडी पाहिली, काही न बोलता दार सताड उघडलं, आम्हाला बाहेर काढलं आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवली. मग एवढंच म्हणाल्या, “बेटा, कोयला अंदर नहीं.” मोकळ्या हवेत थोड्या वेळाने बरं वाटलं. त्या आल्या नसत्या तर आम्ही झोपलोच असतो.

तो वायू होता कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन पोहोचत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि झोप ही त्याची लक्षणं. एकाच खोलीतल्या दोघांना एकदम डोकेदुखी सुरू झाली, तर दुसरं कारण शोधत बसू नका. आधी बाहेर पडा, मग ११२ वर फोन करा.

हा धोका जगात सगळीकडे आहे. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्युबेक भागात बर्फाच्या वादळाने विजेचे मनोरे कोसळले आणि काही गावं महिनाभर अंधारात राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात थंडीच्या लाटेत लाखो घरांची वीज गेली. दोन्ही वेळा मेलेल्यांमध्ये थंडीने गारठलेले होते, तसेच ऊब मिळवताना या वायूने गुदमरलेलेही होते.

म्हणून नियम सोपे ठेवा:

- कोळशाची शेगडी घरात नाही. खिडकी किलकिली ठेवली तरी नाही.
- जनरेटर घराबाहेर, दार-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब. व्हरांड्यात किंवा गोठ्यातसुद्धा नाही.
- बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही, म्हणून खरेदी करताना नाव नीट वाचा.

थंडीत फोन अचानक बंद का पडतो?

फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत थंडीमुळे आतला विरोध वाढतो. व्होल्टेज खाली येतं आणि ३० टक्के दिसत असतानाही फोन बंद होतो. घाबरू नका, बॅटरी बहुतेक वेळा खराब झालेली नसते. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. हळूहळू गरम झाला की तो पुन्हा सुरू होतो. तंदूरवर किंवा त्याला चिकटून मात्र ठेवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शून्य अंशाखाली असलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नका. तेव्हा लिथियम धातूच्या रूपात आत साचतं आणि बॅटरी कायमची खराब होऊ शकते. बाहेरून आणलेली पॉवर बँक आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पॉवर बँकेचा हिशेबही समजून घ्या. २०,००० एमएएच × ३.७ व्होल्ट = ७४ वॉट-तास. यातला काही भाग उष्णतेत जातो, हातात सुमारे ५५ उरतात. ५००० एमएएचच्या फोनला साधारण १९ लागतात. म्हणजे चार नाही, तीनच चार्ज धरा. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, १०० वॉट-तासांपर्यंत अडचण येत नाही.

इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरीही थंडीत कमी वीज देते. ती रिकामी झाली की तिच्यातलं द्रावण जास्त पातळ होतं आणि कडक थंडीत गोठून बॅटरी फुटू शकते. म्हणून ती घराच्या आत ठेवा आणि पूर्ण रिकामी होऊ देऊ नका.

नेटवर्क गेलं तर?

मोबाइल टॉवरलाही वीज लागते. त्याची बॅटरी काही तासच टिकते. रेंज कमी झाली की फोन जास्त ताकद लावून टॉवर शोधतो आणि चार्जिंग झपाट्याने उतरतं. यासाठी:

- रेंज नसेल तेव्हा एअरप्लेन मोड लावा. दिवसातून ठरलेल्या दोन-तीन वेळाच फोन उघडा आणि त्या वेळा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आईला “तीन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नकोस” हे बर्फ पडण्याआधीच सांगा.
- कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस करा. कमकुवत रेंजमध्येही तो बऱ्याचदा जातो.
- परिसराचा ऑफलाइन नकाशा आधीच डाउनलोड करा.
- महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन बंद असताना कॉन्टॅक्ट लिस्टचा उपयोग नाही.
- हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप ठेवा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिसला की त्याच संध्याकाळी सगळं चार्ज करा आणि लाकूड आत घ्या.

पाणी आणि गॅस

आमच्या गावात पाणी झऱ्यावरून उताराने यायचं, पंप नव्हता. तरी नळ बंद पडला, कारण पाइपातलं पाणी गोठलं. रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवला की पाणी सहसा गोठत नाही. तरीही पिण्याचं आणि स्वयंपाकाचं तीन दिवसांचं पाणी घरात भरून ठेवा. गोठलेला पाइप आगीने तापवू नका, कोमट पाण्याची फडकी गुंडाळा. पाणी येत नसेल तर गिझरचं बटण बंद ठेवा.

सिलिंडर भरलेला असूनही ज्योत बारीक होते का? एलपीजीमधला ब्युटेन शून्याच्या आसपास नीट वायू होत नाही, म्हणून दाब कमी होतो. सिलिंडर हवेशीर पण कमी थंड जागी ठेवा. त्याखाली आग किंवा निखारे कधीच ठेवू नका.

लाइट आल्यावर लगेच काय करू नये?

लाइट गेली की हीटर, गिझर, लॅपटॉप यांची बटणं बंद करून ठेवा. फक्त एक बल्ब चालू ठेवा, म्हणजे लाइट आल्याचं कळेल. सुरुवातीला व्होल्टेज कमी-जास्त होतं, म्हणून दहा मिनिटं थांबून एकेक उपकरण लावा. आणि बर्फात पडलेली तार दिसली तर ती बंद आहे असं समजून जवळ जाऊ नका.

शेवटचं

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच गावात गेलो. पॉवर बँका तेवढ्याच होत्या. पण या वेळी पहिल्याच आठवड्यात लाकूड रचलं, पाइप साफ करून घेतला आणि दोन अलार्म नेले, एक आमच्या खोलीसाठी आणि एक अम्माजींच्या. लाइट तेव्हाही गेली, दोन दिवस. चार्जिंग शेवटी १२ टक्क्यांवर आलं होतं, पण खोली गरम होती आणि आम्ही दोघं निवांत झोपलो.

तुमचा कोणी मित्र किंवा मैत्रीण या हिवाळ्यात पहाडात राहायला जाणार असेल, तर त्यांना निदान कोळशाच्या शेगडीचा भाग नक्की वाचायला सांगा.