खोपोलीची वीज, गिरणीची पाळी आणि आईचे दूध : मातृत्वलाभाच्या इतिहासाची एक बाजू

स्तनपान हा विषय वैद्यकशास्त्राच्या वा गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात येतो. इतिहासाच्या अभ्यासक्रमात क्वचितच. त्यामुळे त्याची चर्चा मातेचे अज्ञान, तिच्या समजुती आणि तिचे प्रबोधन यांभोवती फिरत राहते. मुंबई इलाख्यात १९२० च्या दशकात झालेली पाहणी आणि तीमागोमाग आलेला कायदा यांचा मागोवा घेतला असता निराळे चित्र दिसते. तेथे प्रश्न आईच्या ज्ञानाचा नव्हता, तिच्या वेळेचा होता. आणि तो वेळ मजुरीने मोजला जात होता. प्रस्तुत लेखात या दुव्याचा विचार केला आहे.

कर्जत-खालापूरच्या अभ्यासकाला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. साजगावला लागून असलेल्या खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांवाटे पायथ्याशी आणून निर्माण केलेली ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, या दोन तालुक्यांतून गिरण्यांना वीज मिळे, आणि कामगारांचा मोठा भाग कोकण व घाटावरील खेड्यांतून येई.

त्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती मुख्यतः त्यांची. कारखाने कायद्यानुसार स्त्रीला दिवसाला कमाल ११ तास काम करता येई. घर ते गिरणी हे अंतर त्यात धरलेले नाही.

आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे मातृत्वसंरक्षणाचा करार संमत केला. प्रसूतीनंतर सहा आठवडे सक्तीची विश्रांती आणि कामाच्या वेळेत बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा तास, या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी होत. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. मात्र या प्रश्नाची पाहणी करावी, अशी अपेक्षा परिषदेने व्यक्त केली होती. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची पाहणी याच वातावरणात झाली. त्यांचा अंतिम अहवाल १९२२ च्या सप्टेंबरमध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

अहवालातील एका खोलीचे वर्णन पुढे अनेकांनी उद्धृत केले. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील सुमारे १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा त्या खोलीत सहा कुटुंबे राहत होती. चुली सहा, माणसे ३०. सहा स्त्रियांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. बाळंतपणासाठी आडोसा कोठे करणार, असे विचारता सोबतच्या परिचारिकेने तीन-चार फुटांचा कोपरा दाखविला. अशा अनेक खोल्यांपैकी ही एक होती, असेही बार्न्स यांनी नमूद केले आहे.

याहून बोलकी नोंद अफूची आहे. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांपैकी ९८ टक्के बालकांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले. बाजारात ती ‘बाळागोळी’ या नावाने मिळे. या प्रथेस अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण तिच्यामागचा व्यवहार पाहावा. आई सकाळी गेली की संध्याकाळी परतणार. बाळ एखाद्या म्हातारीच्या किंवा मोठ्या बहिणीच्या हवाली. भुकेले मूल निजून राहावे, यासाठी गोळी. झोपलेले मूल दूध ओढत नाही, आणि दिवसभर ओढले न गेलेले दूध हळूहळू आटते. दूध कमी पडते ही आईची तक्रार त्यामुळे खरीच असे. मात्र तिचे मूळ शरीरात नव्हते, पाळीच्या वेळापत्रकात होते.

त्या काळच्या बालमृत्यूच्या आकड्यांबाबत सावधगिरी हवी. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६०० हून अधिक अर्भके दगावली, असे अधिकृत आकडे सांगतात. परंतु अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्म गावी झाला आणि मृत्यू शहरात नोंदला गेला, तर प्रमाण फुगते. तथापि ही दुरुस्तीही एक वस्तुस्थिती उघड करते. बाळंतपणाचा खर्च आणि बिनमजुरीचे आठवडे माहेरचे खेडे सोसत होते. गिरणीच्या हिशेबात ते कोठेच येत नव्हते.

हा हिशेब कोणी द्यावा, या मुद्द्याला मुंबई विधिमंडळात स्पष्ट तोंड फुटले ते १९२८ मध्ये. आसवले यांनी मांडलेल्या प्रसूतिलाभ विधेयकावर २८ जुलै रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, ही त्यांची पहिली भूमिका. सरकार तसे करीत नसेल तर मालकाने तो उचलावा, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात त्याचा लाभ आहे, हा पुढचा युक्तिवाद. येथे मातृत्व दयेचा विषय राहत नाही. ते सार्वजनिक खर्चाचे बाब बनते. या विषयावरील पुढील कित्येक शासकीय योजनांच्या भाषेत ही स्पष्टता सापडत नाही.

१९२९ चा मुंबई मातृत्वलाभ कायदा देशातील या प्रकारचा पहिला कायदा ठरला. दिवसाला आठ आणे, तेही ठराविक आठवड्यांपुरते आणि मालकाच्या खिशातून. सरकारने भार उचलण्याची कल्पना बाजूला पडली आणि त्याचे परिणामही दिसले. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. यांत्रिकीकरण व रात्रपाळीची बंदी ही त्याची कारणे होतीच; परंतु स्त्री कामगार ‘महाग’ पडते, हा हिशेबही त्यांत होता.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विराम दिले. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. दरम्यान १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू झाली, आणि १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घातला. रुग्णालय आणि बाजार या दोन आघाड्यांवरील ही मोठी कामे होत. कामाची जागा ही तिसरी आघाडी मात्र आस्थापनेच्या कुंपणाआतच राहिली.

कर्जत-खालापूरच्या वीटभट्ट्यांवर हे कुंपण स्पष्ट दिसते. साजगावची यात्रा कार्तिकी एकादशीच्या सुमारास भरते आणि तेथील सुक्या मासळीच्या बाजारात श्रमिक कुटुंबे स्वस्त प्रथिनांची बेगमी करतात. याच सुमारास भट्ट्यांचा हंगाम उघडतो. कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन, तान्ह्या मुलांसह, पावसाळ्यापर्यंत गाव सोडतात. मूल येथे आईच्या नजरेसमोर असते. गिरणीतील मुलाहून इतके तरी बरे. पण मजुरी नवरा-बायकोच्या एकत्रित कामावर आणि हजार विटांच्या दराने ठरते. पाजायला बसलेली आई जितका वेळ थांबते, तितक्या विटा कमी पडतात आणि तितकी उचल अंगावर राहते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. आंबेडकरांची १९२८ ची पहिली भूमिका तेव्हा कायद्यात आली, असे म्हणता येईल. प्रत्यक्षात २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी, दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९६१ चा कायदा विलीन झाला असून १५ महिन्यांपर्यंतचे दोन विराम तीत कायम आहेत. विराम घेण्यासाठी कामाचे तास ठरलेले असावे लागतात. भट्टीवर तास मोजत नाहीत, विटा मोजतात.